‘गॅस्ट्रो’मागचे जिवाणू: ओळख, उपद्रव आणि तपासणी

मुलुंड, प्रतिनिधी

पावसाळा सुरू झाला की मुंबईतील दवाखान्यांपुढील रांगा वाढू लागतात. मुलुंडही त्याला अपवाद नाही. स्टेशनबाहेरची पाणीपुरी, पाच रस्त्यावरचे सँडविच, लग्नाच्या पंगतीतील बासुंदी किंवा घरच्याच नळाचे पाणी, यांपैकी कशाचे तरी निमित्त होते आणि उलट्या, जुलाब, पोटात मुरडा व ताप अशा तक्रारी घेऊन रुग्ण डॉक्टरांकडे येतो. ‘गॅस्ट्रो आहे’ असे निदान होते, गोळ्या दिल्या जातात, बहुतेक रुग्ण दोन-तीन दिवसांत बरे होतात आणि प्रकरण तेथेच संपते. महापालिकेच्या पावसाळी आजारांच्या अहवालातही मलेरिया, डेंग्यू, लेप्टो व कावीळ यांच्याबरोबर ‘गॅस्ट्रो’ असाच एक रकाना असतो.

परंतु ‘गॅस्ट्रो’ हे लक्षणांना दिलेले नाव आहे. त्यामागे डझनभर प्रकारचे जिवाणू, काही विषाणू आणि काही परजीवी यांपैकी कोणीही असू शकतो. कोणाला केवळ मीठ-साखरेचे पाणी पुरते, कोणाला योग्य प्रतिजैविक द्यावे लागते, तर एखाद्या जिवाणूच्या बाबतीत तेच प्रतिजैविक घातक ठरू शकते. जिवाणूचे नाव कळले नाही तर रुग्ण बरा होईलही. पण ज्या अन्नातून किंवा जलवाहिनीतून आजार आला, ती वाट उघडीच राहते. म्हणूनच हे जिवाणू शरीरात नेमके काय करतात आणि प्रयोगशाळेत ते कसे ओळखले जातात, हे सामान्य नागरिकानेही जाणून घेणे अगत्याचे आहे.

सगळेच जिवाणू शत्रू नव्हेत

निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू सुखाने नांदत असतात. ते अन्नाचे काही घटक पचवतात, ‘के’ जीवनसत्त्व तयार करतात आणि घातक जिवाणूंना जागा मिळू देत नाहीत. जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिक यांनी १८८५ मध्ये अर्भकांच्या शौचात शोधलेला ‘ई. कोलाय’ हा जिवाणू याच निरुपद्रवी रहिवाशांपैकी एक होय. मात्र त्याच्याच काही जातींनी विष तयार करण्याची वा आतड्याला चिकटून बसण्याची क्षमता मिळवली आहे. त्यामुळे शौचात ‘ई. कोलाय’ सापडला, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तो कोणत्या जातीचा आहे, हा खरा प्रश्न असतो.

अन्नात जिवाणू येतात कोठून?

बहुतेक आतड्यांच्या जिवाणूंचा प्रवास विष्ठेपासून तोंडापर्यंतचा असतो. शौचानंतर हात न धुता अन्न हाताळणारी व्यक्ती, माश्या, सांडपाण्यावर वाढलेली पालेभाजी, कोंबडीचे कच्चे मांस कापलेल्या पाटावरच चिरलेली काकडी, हे त्याचे नेहमीचे मार्ग. मुंबईत त्यात पाण्याची भर पडते. शहराला पाणी ठराविक तासच सोडले जाते. पुरवठा बंद असताना जलवाहिनीतील दाब उतरतो आणि वाहिनीला गळती असेल, तर शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाऊ शकते. भांडुप संकुलात शुद्ध केलेले पाणी घरच्या नळापर्यंत पोहोचताना दूषित होण्याचा धोका असतो तो यामुळेच. बर्फाची कथाही निराळी नाही. कारखान्यांसाठी किंवा मासळी टिकवण्यासाठी केलेला बर्फ सरबतात वापरला जाऊ नये, यासाठी २०१८ मध्ये राज्यात अखाद्य बर्फात निळा रंग मिसळणे बंधनकारक करण्यात आले.

अन्नात शिरलेल्या थोड्याशा जिवाणूंना वाढण्यास वेळ आणि ऊब मिळाली, की खरा धोका सुरू होतो. साधारणपणे ५ ते ६० अंश सेल्सिअस हा तापमानाचा टप्पा त्यांना मानवतो. अनुकूल स्थितीत ‘ई. कोलाय’ दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. म्हणजे एका जिवाणूचे सात तासांत वीस लाखांहून अधिक जिवाणू होतात. सकाळी केलेली आणि दुपारभर ओट्यावर राहिलेली चटणी रात्री का बाधते, याचे उत्तर या गणितात आहे. विशेष म्हणजे अशा अन्नाला वास येईलच किंवा चव बदलेलच असे नाही.

आजार घडवण्याच्या चार तऱ्हा

पोटात गेलेल्या जिवाणूंपुढे पहिला अडथळा असतो तो जठरातील आम्लाचा. बरेचसे जिवाणू तेथेच मरतात. पित्तासाठी नियमित गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हे आम्ल कमी झालेले असते, त्यामुळे त्यांना संसर्गाचा धोका अधिक असतो. आम्लातून वाचलेले जिवाणू पुढे काय करतात, यावरून त्यांचे ढोबळमानाने गट पडतात.

पहिल्या गटात जिवाणूला पोटात काही करावेच लागत नाही, कारण विष अन्नातच तयार झालेले असते. हाताच्या जखमेतून किंवा नाकातून खव्यात, पेढ्यात वा श्रीखंडात उतरणारा ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ आणि शिजवून बाहेर ठेवलेल्या भातात वाढणारा ‘बॅसिलस सिरियस’ ही याची उदाहरणे. त्यांचे उलट्या घडवणारे विष उष्णतेला दाद देत नाही. अन्न पुन्हा उकळल्याने जिवाणू मरतात, विष मात्र शिल्लक राहते. रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी दिली तरी तो सुरक्षित होत नाही, तो यामुळे.

दुसऱ्या गटातील जिवाणू आतड्यात पोहोचून विष सोडतात. पटकीचा (कॉलरा) ‘व्हिब्रिओ कॉलरी’ हा त्यांचा अग्रणी. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात तो वेगळा केला. पण तो माणसाला मारतो कसा, हे उलगडण्यास आणखी पाऊण शतक लागले. कोलकात्याचेच शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशांवरील प्रयोगांतून पटकीचे विष दाखवून दिले. हे विष आतड्याच्या पेशींमधून क्षार बाहेर ढकलते आणि क्षारांमागोमाग पाणी वाहू लागते. आतड्याला जखम होत नाही, रक्त पडत नाही. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होऊन रुग्ण काही तासांत कोरडा पडतो. प्रवाशांना होणाऱ्या जुलाबांमागचा विषारी ‘ई. कोलाय’ही याच पद्धतीने काम करतो. मोठ्या पातेल्यात सावकाश थंड होणाऱ्या मटणात वा आमटीत वाढणारा ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स’ही आतड्यात पोहोचल्यावर विष सोडतो.

तिसरा गट आतड्याच्या भिंतीवर थेट हल्ला करतो. रक्ती आवेचा ‘शिगेला’ पेशींमध्ये शिरून तेथेच वाढतो आणि एका पेशीतून दुसरीत सरकत जातो. शौचात रक्त व आव पडते, ताप येतो. त्याचे अवघे १० ते १०० जिवाणू आजारास पुरेसे असतात, त्यामुळे तो पाळणाघरात किंवा दाटीच्या वस्तीत वेगाने पसरतो. अंडी व मांसातून येणारा ‘साल्मोनेला’ आणि मुख्यतः कोंबडीतून येणारा ‘कॅम्पिलोबॅक्टर’ हेही याच प्रवृत्तीचे. ‘ई. कोलाय ओ-१५७’ ही जात भिंतीला चिकटते आणि असे विष सोडते, की त्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. याच रुग्णांना प्रतिजैविक दिल्यास गुंतागुंत वाढण्याची भीती असते.

चौथी तऱ्हा विषमज्वराची, म्हणजे टायफॉइडची. ‘साल्मोनेला टायफी’ आतड्याची भिंत ओलांडून रक्तात जातो आणि यकृत, प्लीहा व अस्थिमज्जेत तळ ठोकतो. येथे जुलाबांपेक्षा चढता ताप हे मुख्य लक्षण असते. बरे झाल्यावरही काही रुग्णांच्या पित्ताशयात तो दडून राहतो. असा माणूस स्वतः धडधाकट असतो, पण त्याच्या हातचे अन्न इतरांना आजारी पाडू शकते.

घड्याळ काय सांगते?

पोट बिघडले की शेवटच्या जेवणाला दोष देण्याची आपली रीत आहे. ती अनेकदा चुकीची असते. जिवाणू शरीरात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ प्रत्येकाचा वेगळा असतो:

• १ ते ६ तास, उलट्या अधिक: स्टॅफिलोकॉकस, भातातील बॅसिलस सिरियस
• ६ ते २४ तास, मुरडा व जुलाब: क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स
• ६ तास ते ६ दिवस: साल्मोनेला (टायफॉइड वगळून)
• काही तास ते ५ दिवस: पटकी
• १ ते २ दिवस: शिगेला
• २ ते ५ दिवस: कॅम्पिलोबॅक्टर
• ३ ते ४ दिवस: ई. कोलाय ओ-१५७
• १ ते ३ आठवडे: टायफॉइड

त्यामुळे डॉक्टरांनी ‘काय खाल्ले?’ असे विचारले, तर गेल्या चार-पाच दिवसांचा हिशेब द्यायला हवा. सोबत जेवलेल्या आणखी कोणाला त्रास झाला का, ही माहितीही तितकीच मोलाची असते.

प्रयोगशाळेतील तीन दिवस

निदानाची पहिली पायरी म्हणजे शौचाचा नमुना, आणि तो प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी दिलेला असावा. गोळी पोटात गेल्यावर जिवाणू मरतात किंवा क्षीण होतात आणि अहवाल ‘काही आढळले नाही’ असा येतो. नमुना स्वच्छ डबीत, लघवी न मिसळता, शक्यतो दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा. उशीर होणार असेल, तर तो ‘कॅरी-ब्लेअर’ नावाच्या माध्यमात ठेवतात. त्यात जिवाणू वाढत नाहीत, पण तग धरून राहतात.

सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पूपेशी व रक्तपेशी पाहिल्या जातात. त्या भरपूर दिसल्या, तर आतड्याच्या भिंतीवर हल्ला झाल्याचा संशय बळावतो. पटकीचे जिवाणू थेंबात झपाट्याने इकडून तिकडे धावताना दिसतात. परंतु ‘ई. कोलाय’, ‘साल्मोनेला’ व ‘शिगेला’ सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सारखेच दिसतात. त्यांना ओळखायचे तर वाढवावे लागते.

त्यासाठी नमुना निरनिराळ्या पोषक माध्यमांच्या बशांवर पसरवतात आणि ३७ अंश तापमानात ठेवतात. ‘मॅकॉन्की’ माध्यमावर दुधातील शर्करा वापरणारा ‘ई. कोलाय’ गुलाबी ठिपक्यांच्या रूपात वाढतो, तर साल्मोनेला व शिगेला यांचे ठिपके बिनरंगी असतात. ‘एक्सएलडी’ माध्यमावर साल्मोनेलाचे ठिपके लाल व मध्यभागी काळे दिसतात. पटकीच्या जिवाणूसाठी ‘टीसीबीएस’ हे माध्यम असून त्यावर पिवळे ठिपके उमटतात. कॅम्पिलोबॅक्टर मात्र हट्टी आहे. त्याला ४२ अंश तापमान आणि नेहमीपेक्षा कमी प्राणवायू लागतो. वेगळी सोय करून त्याचा मुद्दाम शोध घेतला नाही, तर तो सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी संशयित ठिपके उचलून त्यांच्यावर रासायनिक चाचण्या होतात. त्यानंतर विशिष्ट रक्तद्रवाशी त्यांच्या गुठळ्या होतात का हे पाहून उपप्रकार ठरवला जातो. त्याच सुमारास कोणते प्रतिजैविक लागू पडते, याचीही चाचणी लावतात. औषध भरलेल्या कागदी चकत्या बशीवर ठेवतात. जिच्याभोवती जिवाणू वाढत नाहीत, ते औषध गुणकारी. या सगळ्याला दोन ते तीन दिवस लागतात.

पीसीआर तंत्राने जिवाणूच्या डीएनएचा माग काही तासांत लागतो. मात्र त्यात मेलेल्या जिवाणूचा डीएनएही सापडू शकतो आणि कोणते औषध चालेल याचे पूर्ण उत्तर मिळत नाही. म्हणून जिवाणू वाढवून पाहण्याची जुनी रीत आजही टिकून आहे. संपूर्ण जनुकक्रम वाचण्याचे तंत्र त्यापुढचे. रुग्णातील आणि अन्नातील जिवाणू एकाच मुळाचे आहेत का, हे त्यातून कळते. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, महापालिकेने जनुकक्रम निर्धारण प्रयोगशाळा सुरू केली होती.

खाडीपलीकडचा अनुभव

टायफॉइडच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ होतो तो ‘विडाल’ चाचणीमुळे. १८९६ मध्ये पुढे आलेली ही चाचणी स्वस्त व सोपी असल्याने आजही सर्रास केली जाते. परंतु ती जिवाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये शोधते. पूर्वीचा संसर्ग, लस किंवा दुसराच एखादा ताप यांमुळेही ती सकारात्मक येऊ शकते. खात्रीचे निदान होते ते रक्ताच्या कल्चरमधून, तेही प्रतिजैविकापूर्वी आणि शक्यतो पहिल्या आठवड्यात रक्त घेतल्यास. त्यातही सुमारे ४० टक्के रुग्ण निसटतात, पण जिवाणू सापडला तर शंकेला जागा उरत नाही.

कल्चरचा आग्रह धरल्याने काय साधते, याचे उदाहरण मुलुंडपासून ऐरोली पुलाने खाडी ओलांडली की लगेच दिसते. नवी मुंबईत रक्ताच्या कल्चरमधून सापडलेल्या टायफॉइडच्या बहुतांश जिवाणूंवर सिप्रोफ्लॉक्सासिन हे एकेकाळचे हुकमी औषध पुरेसे चालत नसल्याचे दिसून आले. अशा वेळी आजार टाळणे हाच उत्तम उपाय ठरतो. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षे वयोगटातील सुमारे १ लाख १३ हजार मुलांना टायफॉइडची नवी संयुग्मित लस दिली. सार्वजनिक आरोग्य सेवेमार्फत ही लस देण्याचा जगातील हा पहिला प्रयोग मानला जातो.

पुण्याचा इशारा

पोटातील जिवाणू पोटापुरताच थांबतो, हा समज जानेवारी २०२५ मध्ये पुण्याने खोटा ठरवला. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी व नांदेड गाव या परिसरात हातापायांतील शक्ती अचानक जाण्याचे, म्हणजे ‘गुइलेन-बॅरे सिंड्रोम’चे रुग्ण झपाट्याने वाढले, ही संख्या पुढे दोनशेवर गेली. काहींना कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागले. काही रुग्ण दगावले. अनेकांना त्याआधी जुलाब झाले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासलेल्या शौचाच्या काही नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ आणि नोरोव्हायरस आढळले. त्यानंतर तपासाचा रोख परिसरातील पाणी आणि कोंबडीचे मांस यांकडे वळला.

जुलाब आणि लुळेपणा यांचा संबंध कसा? कॅम्पिलोबॅक्टरच्या आवरणावरील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे दिसतात. जिवाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये या साम्यामुळे स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडतात. साधारण हजार कॅम्पिलोबॅक्टर रुग्णांत एखाद्यालाच असे होते. परंतु एकाच वेळी शेकडो, हजारो लोकांना संसर्ग झाला, की हा ‘एखादा’ही मोठा आकडा होतो. साध्या जुलाबांच्या काळातच हा जिवाणू नावानिशी सापडला असता, तर इशारा लवकर मिळू शकला असता.

नाव ठरवण्यात घाई झाली तर काय होते, हे जर्मनीने २०११ मध्ये अनुभवले. तेथे ‘ई. कोलाय ओ-१०४’च्या साथीत सुमारे ३,८०० लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. सुरुवातीस स्पेनमधील काकड्यांवर ठपका ठेवण्यात आला व तेथील शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले. सखोल तपासानंतर खरा दोषी निघाला मोड आलेल्या मेथीदाण्यांचा. कच्चे मोड आवडीने खाणाऱ्या मराठी घरांनीही ही गोष्ट लक्षात घ्यावी. नीट शिजवलेल्या उसळीला मात्र ही भीती नाही.

पाणी आणि अन्न यांची तपासणी

पाण्यात प्रत्येक रोगजंतू शोधत बसणे अशक्य असते. म्हणून ‘ई. कोलाय’ हा खुणेचा जिवाणू शोधला जातो. तो सापडला याचा अर्थ पाण्यात विष्ठा मिसळली आहे आणि इतर घातक जिवाणूही असू शकतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही आढळता कामा नये. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेली सोपी चाचणी घरगुती वापरासही योग्य आहे. रसायन लावलेली कागदी पट्टी असलेल्या बाटलीत पाणी भरून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचे. पाणी काळे पडले तर ते दूषित असण्याची दाट शक्यता असते. नळाच्या पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे का, हे ‘ओटी’ चाचणीने मिनिटभरात समजते.

अन्नाची तपासणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कक्षेत येते. तयार अन्नासाठीच्या अनेक निकषांत २५ ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला अजिबात नसावा, अशी अट आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये डॉक्टरांना विषबाधेची माहिती कळवण्यास सांगण्याचीही तरतूद आहे. मात्र कळवण्याजोगे काही हाती असेल, तरच तिचा उपयोग.

रुग्णाने काय करावे?

उपचारात पहिला मान जलसंजीवनीचा. आतडे विषाने बेजार असले, तरी साखरेच्या सोबतीने क्षार व पाणी शोषण्याचा त्याचा मार्ग शाबूत असतो. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच तत्त्वावर पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे.

• शौचात रक्त, मोठा ताप, न थांबणाऱ्या उलट्या, लघवी कमी होणे किंवा सुस्ती दिसल्यास घरी थांबू नये. हातापायांत अशक्तपणा जाणवल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.
• लहान मुले, गर्भवती व वृद्ध यांना लवकर डॉक्टरांना दाखवावे.
• रक्त पडत असताना जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत.
• प्रतिजैविक घरच्या डब्यातून किंवा औषधाच्या दुकानातून विचारून घेऊ नये. डॉक्टरांनी लिहून दिल्यास ‘आधी कल्चर करावे का?’ असे जरूर विचारावे.
• एकाच इमारतीत वा समारंभात अनेकांना त्रास झाल्यास विभागाच्या आरोग्य अधिकाऱ्यास कळवावे आणि उरलेले अन्न झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. तपासणीसाठी तोच पुरावा असतो.
• शिजवलेले अन्न दोन तासांत खावे किंवा फ्रिजमध्ये ठेवावे. कच्च्या मांसाचा पाट व सुरी वेगळी ठेवावी. संशयास्पद पाणी खळखळून उकळावे. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.

पोट बिघडलेल्या प्रत्येकाला कल्चरची गरज नसते. बहुतेकांना विश्रांती आणि जलसंजीवनी पुरते. परंतु ताप व रक्त असलेले रुग्ण, तसेच एकाच वेळी आजारी पडलेला गट, यांचे नमुने वेळेत प्रयोगशाळेत गेले, तर एका रुग्णाच्या अहवालातून साऱ्या वस्तीचे रक्षण होऊ शकते. त्यासाठी लागते ती एक स्वच्छ डबी आणि पहिल्या गोळीपूर्वीचा थोडा धीर.